वडिलांचे रिव्हॉल्व्हर आणि डॉक्टरची सही

सोमवारची ओपीडी संपत आली होती. एक काका हातात फाइल घेऊन आत आले. वय ६१, निवृत्त शिक्षक, राहायला गावाबाहेर शेतातल्या वस्तीवर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आजार काहीच नव्हता. त्यांना शस्त्र परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र हवे होते. वडील वारले होते आणि त्यांच्या नावावरचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आता वारस म्हणून स्वतःच्या नावावर करून घ्यायचे होते.

“जुनं आहे, पण चोख आहे, साहेब. वस्तीवर रात्री-अपरात्री चोरांची भीती असते. नवं घ्यायचं तर लाखाच्या वर जातं. घरचंच आहे, तर हेच बरं, नाही का?”

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवाना मागणाऱ्याला डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडावे लागते. अर्जदार शरीराने आणि मनाने तंदुरुस्त आहे, त्याला नशेचे व्यसन नाही, असे त्यात लिहून द्यायचे असते. त्यामुळे बंदुकीशी एरवी काही देणेघेणे नसलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरच्या टेबलावरही हा प्रश्न येतो. जुन्या धाटणीचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर आजच्या काळात स्वसंरक्षणाला उपयोगी आहे का? आणि ते परवडते का? काकांच्या निमित्ताने या दोन्ही प्रश्नांची वैद्यकीय बाजू मांडतो.

जुने म्हणजे टाकाऊ नव्हे

यंत्र म्हणून पाहिले तर काकांचे म्हणणे चूक नव्हते. हातात धरायच्या बंदुकांचे मूळ आराखडे फारच टिकाऊ निघाले. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने आखलेले .४५ चे पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारले आणि ते १९८५ पर्यंत सैन्याचे अधिकृत पिस्तूल होते. त्याच आराखड्याची पिस्तुले आजही बनतात आणि विकली जातात. ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये वेब्ली कंपनीचे रिव्हॉल्व्हर घेतले. मधून दुमडायचे, सहा घरांत सहा काडतुसे भरायची आणि बंद करायचे, एवढे साधे काम. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारे आपल्याकडचे .३२ चे रिव्हॉल्व्हर याच वेब्लीच्या वंशातले. ९ मिमी किंवा .४५ अशा मोठ्या मापांची पिस्तुले आपल्याकडे सामान्य नागरिकाला सहसा मिळत नाहीत. त्यामुळे भारतात ‘घरातले रिव्हॉल्व्हर’ म्हटले की बहुधा .३२ चेच असते.

किमतीचेही तसेच. कानपूरमधल्याच सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे सुमारे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले, तेव्हा त्याची किंमत साधारण सव्वा लाख रुपये होती. त्यापुढे वारशाने आलेले शस्त्र फुकटच म्हणायचे.

म्हणजे यंत्र शंभर वर्षांनीही चालते. पण ते चालवणारे शरीर? ते तपासणे माझे काम.

डोळ्यांना चाळिशी, अंगठ्याला संधिवात

मी काकांना उभे केले, हात समोर ताठ करायला लावला आणि मुठीत एक पेन धरायला दिले. “चष्मा लावून या पेनाचं टोक बघा. आता तसंच ठेवून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचा.” टोक स्पष्ट दिसेना. जवळचा चष्मा लावला तर कॅलेंडर पुसट, दूरचा लावला तर पेन पुसट.

यात त्यांचा दोष नाही. जुन्या धाटणीच्या बंदुकीत नेम धरायला नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो आणि मागे एक खाच. तो उंचवटा खाचेत बसवून लक्ष्याच्या रेषेत आणायचा असतो. तरुण डोळ्यातले भिंग चटकन आकार बदलते, म्हणून हे जमते. चाळिशीनंतर ते भिंग कडक होत जाते आणि साठीला त्याची लवचीकता जवळपास संपते. वाचायचा चष्मा साधारण दीड फुटासाठी असतो आणि ताठ हाताचे अंतर सव्वादोन फुटांच्या आसपास. म्हणजे बंदुकीचे टोक नेमके दोन्ही चष्म्यांच्या मधल्या, पुसट जागेत येते. शिवाय मध्यरात्री खडबडून जागे झाल्यावर चष्मा सापडायला हवा, तो वेळ वेगळाच.

मग हात. या रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे न ओढता थेट चाप दाबायचा तर बोटाला साधारण पाच किलोच्या आसपास जोर लावावा लागतो, आणि तो लावताना नळी हलू द्यायची नसते. ब्राउनिंगच्या पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे खेचायला दोन्ही हातांत ताकद लागते. अंगठ्याच्या बुडाचा संधिवात साठीत अनेकांना असतो. बरणीचे झाकण उघडताना कळ येते ना, तोच सांधा. काकांच्या उजव्या अंगठ्याला तो होता.

त्या काही सेकंदांत

डोळा आणि हात ठणठणीत असले तरी प्रसंग कसा असतो ते पाहा. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन उसळते. हृदयाचे ठोके दीडपट-दुप्पट होतात, बोटे थरथरतात. पळायला किंवा झोंबायला लागणारी मोठ्या स्नायूंची ताकद वाढते, पण बोटांची नजाकत जाते. नजर एका बिंदूवर खिळते आणि कडेचे दिसेनासे होते. काही ऐकूच आले नाही, असे अनेक जण नंतर सांगतात. ही सारी शरीराची जुनी संरक्षणव्यवस्था आहे, पण ती बारीक नेम धरण्यासाठी घडलेली नाही.

न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा अभ्यास रँड या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केला. समोरून गोळीबार होत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी सरासरी १८ टक्के लक्ष्याला लागल्या. समोरून गोळीबार नसताना हे प्रमाण ३० टक्के होते. हे रोजचे शस्त्र बाळगणारे, नियमित सराव असलेले पोलीस. जी गोळी लागत नाही ती कुठेतरी जातेच. आपल्या घरात ती भिंतीपलीकडच्या खोलीकडे जाऊ शकते.

वेळेचा हिशेब आणखी कठीण आहे. अमेरिकेतील डेनिस ट्यूलर या पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये मोजून दाखवले, की २१ फुटांवरचा माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येऊ शकतो. शस्त्र कमरेला असलेल्यालाही ते काढून झाडायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. कपाटातल्या कुलपात ठेवलेल्या रिव्हॉल्व्हरचे काय सांगावे?

आणि गोळी लागली की माणूस सिनेमातल्यासारखा जागीच कोसळतो, हाही गैरसमज आहे. एफबीआयच्या १९८९ च्या एका अहवालात स्पष्ट लिहिले आहे, की हृदय निकामी झाले तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस दहा-पंधरा सेकंद पूर्ण ताकदीने हालचाल करू शकतो. छोट्या मापाच्या गोळीबद्दल तर फारच कमी खात्री देता येते.

कानांचेही बोलायला हवे. पिस्तुलाचा आवाज क्षणभर १५० ते १६० डेसिबलपर्यंत जातो. कानाला अशा धमाक्याची सहन होणारी मर्यादा १४० मानली जाते. बंद खोलीत कानात काही न घालता झाडलेली एकच गोळी कायमचा बहिरेपणा किंवा कानातली शिट्टी देऊन जाऊ शकते. सराव करायचा तर बंदिस्त मैदानातल्या धुरात शिसे असते, काडतुसाच्या पेटणाऱ्या भागातले आणि गोळीचेही. म्हणून सरावानंतर हात धुतल्याशिवाय खाऊ नये आणि त्या कपड्यांनी लहान मुलाला उचलू नये, असे मी सांगतो.

बंदूक चालते कुणावर?

इथपर्यंतचा भाग बंदूक उपयोगी पडेल का याचा झाला. खरा वैद्यकीय प्रश्न त्यापुढचा आहे. घरात ठेवलेली बंदूक शेवटी कुणावर चालते?

याचा अभ्यास अमेरिकेत झाला, कारण तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. २०१८ च्या एका जागतिक पाहणीनुसार तिथे दर शंभर माणसांमागे नागरिकांकडे १२० बंदुका होत्या आणि भारतात पाचच्या आसपास. आर्थर केलरमन आणि डोनाल्ड रे या डॉक्टरांनी वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीत सहा वर्षांतले बंदुकीचे मृत्यू तपासले. ज्या घरात बंदूक होती त्याच घरात त्याच बंदुकीने झालेले ३९८ मृत्यू त्यांना सापडले. १९८६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. घरात घुसू पाहणारा मारला गेला अशा घटना फक्त दोन, आणि स्वसंरक्षणात मारले गेलेले आणखी सात. म्हणजे ३९८ पैकी नऊ. आत्महत्या मात्र ३३३.

या अभ्यासावर टीका झाली आणि ती दखल घेण्याजोगी होती. बंदूक नुसती दाखवून चोर पळाला तर तो आकडा मृत्यूंच्या यादीत येत नाही. असे प्रसंग अमेरिकेत वर्षाला किती घडतात, याचे वेगवेगळ्या पाहण्यांतले अंदाज लाखाच्या आतबाहेरपासून थेट पंचवीस लाखांपर्यंत जातात, इतका तो वाद मोठा आहे. दुसरा आक्षेप असा, की ज्याला आधीच धोका आहे तोच बंदूक घेतो.

म्हणून २०२० मध्ये आलेला कॅलिफोर्नियाचा अभ्यास महत्त्वाचा. त्यात २ कोटी ६३ लाख प्रौढांची माहिती बारा वर्षांपर्यंत पाहिली गेली. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचा धोका न बाळगणाऱ्यांच्या जवळजवळ आठपट होता आणि स्त्रियांत ३५ पट. खरेदीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत धोका सर्वाधिक होता, पण निम्म्याहून अधिक मृत्यू खरेदीला वर्ष उलटून गेल्यावरचे होते. म्हणजे त्यासाठीच शस्त्र घेतले, असे या सगळ्यांबद्दल म्हणता येत नाही. शस्त्र घरात होते आणि पुढे कधीतरी वाईट दिवस आले.

याच गटाने २०२२ मध्ये बंदूक बाळगणाऱ्यांसोबत राहणाऱ्या, पण स्वतःकडे बंदूक नसलेल्या माणसांचा अभ्यास केला. त्यांच्यात खून होण्याचे प्रमाण बंदूक नसलेल्या घरांतल्या लोकांच्या दुपटीहून जास्त निघाले. जोडीदाराकडून गोळी घातली जाण्याचे प्रमाण सातपट होते आणि त्या बळींत बहुतेक स्त्रिया होत्या. चोरापासून संरक्षण म्हणून आणलेल्या शस्त्राखाली घरातलेच माणूस असुरक्षित झाले होते.

मुलांबद्दलचा एक प्रयोग मला विसरता येत नाही. अटलांटा शहरात ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांचे २९ छोटे गट एकेका खोलीत बसवले. तिथे ड्रॉवरमध्ये खरे, पण निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. २१ गटांना ते सापडले. १६ गटांनी ते हाताळले. दहा गटांत कुणीतरी चाप ओढला. २००१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताळणाऱ्या दहातल्या नऊहून अधिक मुलांना बंदुकीच्या धोक्याबद्दल आधी काहीतरी शिकवलेले होते. “आमच्या पोराला सांगून ठेवलंय, तो हात लावायचा नाही,” असे आईवडील म्हणतात तेव्हा मला हा प्रयोग आठवतो.

माझी एक सही

हे सगळे मी पूर्वी वाचलेले होते, असे म्हणणे खोटे ठरेल. काही वर्षांपूर्वी एक व्यापारी असाच प्रमाणपत्रासाठी आला होता. रक्तदाब पाहिला, छाती तपासली, नजर पाहिली, दारू पिता का विचारले. “नाही.” बाहेर ऐंशी रुग्ण थांबलेले. मी सही केली. दोन मिनिटे लागली असतील.

दोन पावसाळ्यांनंतर एका पहाटे मला कॅज्युअल्टीत बोलावले. तोच माणूस होता. करण्यासारखे काही उरले नव्हते. दुकानात चोर आलेला नव्हता, कुणी हल्ला केलेला नव्हता. पत्नी भिंतीला टेकून बसली होती. ती एवढेच म्हणाली, “दोन महिने झोपत नव्हते हो.”

सही केली तेव्हा तो बरा होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. कारण झोप कशी लागते, हे मी विचारलेच नव्हते. कर्ज, घरातले वाद, पूर्वीचे नैराश्य, काहीच नाही. फॉर्मवर तेवढी जागा नव्हती, ही सबब मी स्वतःला बरेच दिवस देत होतो.

मानसोपचारात एक गोष्ट पक्की झाली आहे. जीव देण्याची टोकाची ऊर्मी बहुधा थोड्या काळाची असते. त्या वेळी घातक साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी दहातले नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये तरुण सैनिकांना सुट्टीत शस्त्र घरी नेणे बंद केले. त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथले आत्महत्यांचे प्रमाण वीस वर्षांत सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. माणसांची दुःखे तीच होती. फक्त मृत्यूचे साधन हाताशी राहिले नाही. बंदूक तर दुसरी संधी जवळजवळ देतच नाही.

आता मी काय विचारतो

त्या पहाटेनंतर मी प्रमाणपत्राला वीस मिनिटे देतो. झोप, भूक, चिडचिड, दारूचे खरे प्रमाण, कर्ज, कोर्टकचेरी, कुटुंबात पूर्वी कुणी आत्महत्या केली होती का, हे विचारतो. आणि एक प्रश्न फॉर्ममध्ये नसला तरी विचारतोच. “घरात आणखी कोण कोण असतं?”

काकांनाही विचारले. ते जरा थांबले. “मी, मंडळी, आणि मुलगा. पुण्याला होता. नोकरी गेली, सहा महिन्यांपासून घरीच आहे. बोलत नाही फारसा. रात्र रात्र अंगणात बसून असतो.”

दोघेही क्षणभर गप्प झालो. वस्तीवर रात्री जागणारा कोण होता, हे त्यांचे त्यांनाच उमगले असावे. मी म्हणालो, “काका, तुमच्या कागदाची घाई नाही. आधी मुलाला घेऊन या.”

ज्यांच्याकडे परवान्याचे शस्त्र आहे त्यांना माझे सांगणे असे. शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवा, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या कुठे आहेत ते घरातल्या मुलांना माहीत नको. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी परवाना घेताना तुम्ही लिहून दिलेलीच असते. जुने शस्त्र असेल तर जाणकार परवानाधारक विक्रेत्याकडून तपासून घ्या. काही जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये, उदाहरणार्थ १८७३ च्या प्रसिद्ध कोल्टमध्ये, हात सुटून खाली पडल्यावर गोळी उडू नये म्हणून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची पद्धत होती. जुन्या आराखड्यात आजची सुरक्षा गृहीत धरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार करणेही तुरुंगात नेऊ शकते.

सर्वांत महत्त्वाचे असे, की निवडणूक आली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची आपल्याला सवय आहे. तेच घरातल्या वाईट दिवसांतही करा. कुणाला नैराश्य आले असेल, कुणाचे पिणे वाढले असेल, नवराबायकोत टोकाचे भांडण असेल, घटस्फोट किंवा मोठे नुकसान झाले असेल, तर शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे सुरक्षित ठेवायला द्या. दिवस पालटले की परत आणता येते.

आणि चोरांची भीती? ती खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पण चोराला सर्वांत नकोसा असतो तो उजेड, आवाज आणि शेजारी. हालचाल झाली की लागणारा दिवा, मजबूत कडीकोयंडा, भुंकणारे कुत्रे, शेजारच्या वस्तीवरच्या चार जणांचा फोनवरचा गट आणि ११२ हा क्रमांक. या सगळ्याचा खर्च नव्या रिव्हॉल्व्हरच्या तुलनेत फारच थोडा, आणि यातले काहीच घरातल्या माणसावर उलटत नाही.

काका पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन आले. आमच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याचे उपचार सुरू झाले, आता तीन महिने होतील. परवा तो एकटाच औषधे न्यायला आला आणि दारातून डोकावून म्हणाला, “बाबांनी ते दुकानात ठेवायला दिलंय. अंगणात मोठा दिवा बसवलाय आम्ही.”

काकांचा फॉर्म अजून माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. त्यांनी तो परत मागितलेला नाही.

(स्वतःला किंवा घरातल्या कुणाला निराशेने ग्रासले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मदतवाहिनीवर १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. जवळच्या सरकारी रुग्णालयातही मदत मिळते.)